स्नेहाने एमबीए का सोडलं?

नाशिक रोड, १४ सप्टेंबर

स्नेहाबाई, जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजला कायम एकच टिक. म्हणून म्हटलं, कागदच घ्यावा. पप्पा रोज मनमाडला ड्यूटीवर जातात, त्यांच्या डब्याच्या पिशवीत हे पत्र टाकतेय. संध्याकाळी आत्याच्या घरी देतील. वाचायचं नसेल तर नको वाचूस, पण फाडू नकोस. माझं अक्षर कितीतरी वर्षांनी इतकं नीट आलंय.

बातमी अशी आहे की मी ॲडमिशन घेतली. एमबीएला. तुझ्याच कॉलेजात, तुझाच संध्याकाळचा कोर्स. आता पाणी पी आणि पुढे वाच.

तुला आठवत असेलच, फेब्रुवारीत तू घरी येऊन म्हणालीस, "मी एमबीए सोडलं. झेपत नाही." मी म्हणाले, सकाळी सीएच्या ऑफिसात बसायचं, संध्याकाळी क्लासात बसायचं, रविवारी बॅडमिंटन खेळायचं, यात न झेपण्यासारखं आहे काय? मी द्राक्षं खोक्यात भरायच्या पॅकहाऊसची नोकरी करून, तुला वाढवून, मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. तर तू म्हणालीस, "मग एमबीएही तूच करून बघ, आई." आणि बॅग भरून गेलीस आत्याकडे. मी पण तुझीच आई. त्याच आठवड्यात प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. रागाने भरला, खोटं कशाला बोलू. पास होईन असं मला वाटलं नव्हतं आणि तुझ्या पप्पांना तर मुळीच नव्हतं.

पहिल्या दिवशी वॉचमनने गेटवरच अडवलं. "पालकांची मीटिंग शनिवारी आहे, ताई." म्हटलं, मी पालकच आहे, पण आज शिकायला आलेय. त्याने रजिस्टरात माझं नाव दोनदा वाचलं, अंजली नवनाथ गांगुर्डे, आणि मग सोडलं. वर्गात मी मागच्या बाकावर बसते. शेजारी इन्शा नावाची मुलगी असते, मालेगावची. दिवसभर एका दवाखान्याच्या काउंटरवर काम करते आणि संध्याकाळी इथे. मला काकू म्हणते. तिच्या पलीकडे सार्थक. तो वडिलांच्या ट्रॅक्टरच्या दुकानात असतो आणि वर्गात डोळे उघडे ठेवून झोपतो. बरी आहेत दोघं.

आता मुद्द्याचं. मला एकच गोष्ट कळायला हवी: तू का सोडलंस? झेपत नाही हे मला पटत नाही. अंगात ताप असताना दहावीचा गणिताचा पेपर देऊन आलेली पोरगी तू. सोडायच्या आदल्या आठवड्यात तर माझ्या पॅकहाऊसवर तुमच्या कुठल्याशा प्रोजेक्टला आली होतीस, बायकांनी तुला ओंजळीने द्राक्षं दिली, सगळ्यांशी हसून-खेळून बोललीस. मग आठ दिवसांत असं काय झालं?

सांगत नाहीस ना? ठीक. मी शोधून काढते. कारण कळलं की तुझ्या दारात येऊन उभी राहीन, त्याआधी मनमाडला पाय ठेवणार नाही. तुझी आई किती हट्टी आहे ते तुला ठाऊक आहे.

आत्याला सांग, तिने पाठवलेल्या शेवया छान झाल्या.

आई


नाशिक रोड, २६ ऑक्टोबर

स्नेहा,

पप्पांना विचारलं, पत्र वाचलं का तिने? म्हणाले, "वाचलं." काय म्हणाली? "काही नाही." हा माणूस रेल्वेत नसता तर हेरखात्यात असता. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदायचं.

आम्हाला देवरे सर संशोधन पद्धती शिकवतात. तुलाही त्यांनीच शिकवलं. मला हा विषय इतका आवडला की काय सांगू. सर म्हणाले, कुठलाही प्रश्न असो, आधी एक अंदाज मांडायचा, त्याला गृहीतक म्हणायचं, आणि मग तो खोटा पाडायचा कसून प्रयत्न करायचा. पडला नाही, तरच खरा मानायचा. सगळ्यांनी आपापला प्रश्न निवडायचा होता. कोणी ऑनलाइन किराणा घेतला, कोणी मिसळीच्या हॉटेलातली गर्दी. मी वहीवर लिहिलं, 'स्नेहाने एमबीए का सोडलं?' सरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "सॅम्पल फारच लहान आहे हो, अंजलीताई." म्हटलं, सर, माझ्याकडे तेवढंच आहे.

वर्गासाठी मग बसच्या वेळा हा विषय घेतला. पण घरचं संशोधन चालूच आहे. ऐक.

पहिलं गृहीतक: अभ्यास अवघड गेला. देवरे सरांनीच ते उडवलं. म्हणाले, तुमची मुलगी पहिल्या तिघांत होती.

दुसरं: कोणी मुलगा. यावर चिडू नकोस, आईच्या डोक्यात हे येणारच. इन्शाने सीनियर पोरांत चौकशी केली. ती असली कामं फार मनापासून करते. बॅडमिंटनच्या ग्रुपमधला रोहित नावाचा एक मुलगा तुझी फार आठवण काढतो असं कळलं. मी त्याला कँटीनमध्ये गाठलं, चहा पाजला आणि सरळ विचारलं. बिचारा घाबरून उभाच राहिला. म्हणाला, "काकू, स्नेहाने माझी रॅकेट नेली आहे, म्हणून विचारत होतो." त्याची रॅकेट देऊन टाक.

तिसरं: खरंच झेपत नसेल. हे मात्र बसून कळणार नाही, अंगावर घेऊनच कळेल. सध्या डाळिंबाचा हंगाम आहे, म्हणजे काम बेताचं. तरी पहाटे उठून डबे करायचे, दोन बस बदलून दिंडोरीच्या अलीकडे उतरायचं, दिवसभर उभं राहायचं, परत दोन बस, मग क्लास. अकाउंट्सच्या तासाला परवा माझी मान इन्शाच्या खांद्यावर पडली. पोरीने हलवलं नाही मला. सरच म्हणाले, राहू द्या, त्या हे सगळं कामावरच शिकल्या आहेत.

निष्कर्ष कळवीन.

आई


नाशिक रोड, २१ डिसेंबर

स्नेहा,

थंडी कडाक्याची आहे. मनमाडला तर अजून असेल. पप्पांबरोबर तुझा तो जांभळा स्वेटर पाठवलाय, घालत जा.

इथे अभ्यासाबरोबर ॲक्टिव्हिटीचेही मार्क असतात, हे तू मला कधी बोलली नव्हतीस. एका क्लबात नाव घालावंच लागतं. ट्रेकिंग होतं, नाच होता, पथनाट्य होतं. बसून करायचं एकच होतं, क्विझ. घातलं नाव. आणि अगं, मला वेड लागलंय त्याचं! परवा गंगापूर रोडच्या एका कॉलेजात स्पर्धा होती. समोर बझर असतो, आधी दाबेल त्याला उत्तर द्यायचा मान. मला त्या बझरचा असा मोह पडला की क्विझ घेणाऱ्या सरांचा प्रश्न अर्धा व्हायच्या आत मी दाबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ठणकावून सांगितलं, "ब्राझील!" प्रश्न एका बँकेच्या संस्थापकाचा होता. सार्थक हसून हसून खुर्चीवरून घसरला. आम्ही शेवटून दुसरे आलो. मी घरी येईपर्यंत हसत होते.

खरं सांगू का, हे सगळं मी तुझ्यावरच्या रागाने सुरू केलं, पण आता मला दुसरंच काहीतरी झालंय. दुकानात गेले की वस्तू दिसत नाही, ती कुठल्या फळीवर ठेवलीय ते दिसतं. बसमध्ये बसले की मनात येतं, ही गाडी रिकामी आणि मागची खच्चून भरलेली, असं का? चिवडेवाल्याला विचारलं, तुम्ही पाव किलोची पुडी पुढे आणि किलोची मागे का मांडता? तो म्हणाला, "मावशी, घ्यायचाय का चिवडा?" घेतला मग. इतकी वर्षं मी या रस्त्यांवरून मान खाली घालून गेले. आता प्रत्येक ठिकाणी 'का' विचारावंसं वाटतं.

घराचं विचारशील तर पप्पा आता वरणाला फोडणी देतात. मोहरी जाळतात, पण देतात. विहारातल्या रविवारच्या वंदनेला मी दोन महिन्यांत एकदाच गेले. बायका म्हणाल्या, अंजली मोठी साहेब झाली. टोमणा होता, पण मला इतकी झोप येत होती की लागलाच नाही.

तर तिसऱ्या गृहीतकाचा निकाल. काम, क्लास आणि ॲक्टिव्हिटी, तिन्ही एकदम करणं जड आहे. खूप जड आहे. तेव्हा मी जे बोलले ते मला माहीत नसताना बोलले. पण सोडून द्यावं इतकंही जड नाही, निदान तुझ्यासारखीला तरी नाही. कारण मी अजून उभी आहे आणि माझे गुडघे तुझ्याहून पंचवीस वर्षं जुने आहेत. म्हणजे हेही कारण नाही.

काल वैतागून पप्पांना म्हटलं, तुम्हाला ठाऊक आहे ना, सांगून टाका एकदाचं. ते पोळी लाटत होते. वर न बघता म्हणाले, "तू शीक. आपोआप कळेल." याचा अर्थ काय? म्हणजे ते कारण कॉलेजातच आहे? की शिकण्यात आहे? मला झोप लागली नाही बाई.

आई


नाशिक रोड, १५ फेब्रुवारी

स्नेहा,

सीझन जोरात आहे. रोज कंटेनर लागतोय. बाहेर ट्रॅक्टरवरून क्रेटवर क्रेट उतरताहेत, आत सगळ्या टेबलांवर कात्र्या चालू. मी परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खोक्याला हात लावल्याशिवाय ते पुढे सोडत नाही, हे तू पाहिलंच आहेस. उघडायचं, घड वर-खाली करून बघायचा, पुन्हा वजन करायचं, सही मारायची आणि मगच थंड खोलीत. वीस-बावीस वर्षं हेच. मोतीराम आप्पा आलेल्या पाहुण्यांना सांगतात, आमच्या अंजलीबाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय इथून मणी बाहेर जात नाही. मालकाने असं म्हटलं की दिवसभर उभं राहिल्याचं काही वाटत नाही.

यंदा परदेशातून पुन्हा तक्रार आली, देठ सुकलेत म्हणून. गेल्या वर्षीही होती. मी तपासणी अजून कडक केलीय.

या सेमिस्टरला ऑपरेशन्स विषय आहे आणि त्यात लाइव्ह प्रोजेक्ट. एखाद्या चालू धंद्यात जाऊन काम कसं होतं ते बघायचं आणि कुठे अडतं ते शोधायचं. आमच्या गटात मी, इन्शा आणि सार्थक. वेळ कोणाकडेच नाही. मग मीच डोकं लढवलं: माझंच पॅकहाऊस घेऊ! काम आणि कॉलेज एकाच छपराखाली, बसचा एक फेरा वाचला. तिघांनी टाळ्या दिल्या एकमेकांना.

प्रोजेक्टही देवरे सरच बघतात. त्यांना सांगितलं तर ते थबकले. म्हणाले, "तुमच्या मुलीनेही हेच पॅकहाऊस घेतलं होतं. तिचं सगळं काम वेळेवर आलं, तेवढा एक रिपोर्ट आला नाही." मी विचारलं, का नाही दिला? सर म्हणाले, "मी विचारलं होतं. ती म्हणाली, सर, रिपोर्ट देण्यापेक्षा मी कोर्स सोडते."

मी जिन्यात बसले दोन मिनिटं. असलं कसलं प्रोजेक्ट, की ज्यासाठी कोर्स सोडायचा?

काल इन्शा आणि सार्थक पॅकहाऊसवर आले होते. टोप्या, ॲप्रन घालून दोघं मोबाइलवर वेळ लावून उभे. सकाळी इन्शाची बडबड चालली होती, भीमाबाईंकडून कात्री धरायला शिकत होती. भीमाबाई म्हणजे आपल्या पहिल्या टेबलवाल्या, तुझे गाल ओढणाऱ्या. दुपारनंतर पोरगी एकदम गप्प. जेवलीही नाही. म्हणाली, "काकू, डोकं दुखतंय, आम्ही निघतो." सार्थक माझ्याकडे बघेचना.

आणि मला एकदम आठवलं, तूही त्या दिवशी दुपारी डोकं दुखतंय म्हणूनच निघाली होतीस.

काय दिसलं तुम्हाला तिथे? चोरी? कोणी बायकांना त्रास देतंय? आप्पा काही वेडंवाकडं करताहेत? मी रोज तिथे असते आणि मला दिसत नाही, असं काय आहे? इन्शाला फोन केला, उचलत नाही. आजकालच्या पोरींनी फोन कशाला घेतलेत कोण जाणे.

आई


नाशिक रोड, ३ मार्च

स्नेहा,

पप्पांकडून निरोप मिळाला. वर्षभरात तुझा पहिला शब्द, आणि तो काय तर, "आईला सांग, दुसरं पॅकहाऊस घे."

तेव्हाच मला कळलं की आपलंच बघायला हवं.

रविवारी कामाला सुट्टी होती. इन्शाला घरी बोलावलं, जेवायला घातलं आणि तिच्याकडचे सगळे आकडे मागितले. ती देईना. म्हणाली, काकू, आपण चिवडेवाल्याचं प्रोजेक्ट करू, मी एका रात्रीत लिहून देते. मी हात पुढे केला तो केलाच. शेवटी मोबाइल दिला आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली.

सरांनी शिकवलं तसं मी कागदावर काढत गेले. ट्रॅक्टर, क्रेट, कात्री, खोकं, वजन, माझं टेबल, थंड खोली. कुठे किती वेळ माल चालतो आणि कुठे किती वेळ नुसता थांबतो, ते लिहिलं. सर त्याला बॉटलनेक म्हणतात. बाटली केवढीही मोठी असो, पाणी गळ्यातून येईल तेवढंच.

स्नेहा, गळा मीच आहे गं.

बायका खोकं भरतात, स्वतःच्या काट्यावर वजन करतात, बरोबर करतात. मग ते माझ्यापाशी येऊन थांबतं. एकावर एक, उष्म्यात. थंड खोली पाच पावलांवर, आणि द्राक्षं माझ्या सहीची वाट बघत तापतात. देठ तिथेच सुकतात. तक्रार आली की मी तपासणी वाढवते, तपासणी वाढली की खोकी अजून थांबतात, देठ अजून सुकतात. मी दर वर्षी बागायतदारांवर ओरडत होते, पाणी कमी दिलं म्हणून!

कागदावर माझा विश्वास बसेना. काल सकाळी भीमाबाईंना बाजूला घेतलं. आधी म्हणाल्या, काय नाय, काय नाय. मग पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं, "आता काय सांगू बाई. खोकी तुमच्यापाशी तुंबत्यात. ढीग दिसला की आप्पा तुम्हाला बोलनार. मंग आम्हीच कात्री जरा दमानं चालवतो. तुम्ही आमाला लय जीव लावता, तुम्हाला कोनी बोलाया नको."

किती वर्षं? म्हणाल्या, "लय वर्सं झाली." आणि मग, "तुमच्या पोरीनं बी हेच इचारलं व्हतं. म्या सांगितलं, तर तिथंच रडाया लागली. मला वाटलं, डोळ्यात काय गेलं."

बायका अंधार पडल्यावर घरी जातात. माझी लाज राखायला त्या हळू काम करत होत्या आणि उशिरा घरी जात होत्या. मी त्यांना वर म्हणायचे, चला गं, हात चालवा.

रात्री पप्पांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. ते म्हणाले, "तिने शपथ घातली होती. रिपोर्ट दिला असता तर कॉलेजने आप्पांना पाठवला असता. तुझी नोकरी गेली असती, आणि ती तुझ्या पोरीने घालवली असती, आणि हे लपवून दुसराच रिपोर्ट लिहायला तिचं मन होईना." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

आज एवढंच. मला खूप राग आलाय आणि तो नेमका कोणावर ते अजून ठरत नाहीये.

आई


नाशिक रोड, १९ एप्रिल

स्नेहा,

राग कोणावर ते ठरलं. तुझ्यावर. पण आधी बाकीचं सांगते.

प्रेझेंटेशन परवा झालं. इन्शा आणि सार्थक शेवटपर्यंत मागे लागले होते, काकू, आपण 'तपासणी केंद्र' असं मोघम लिहू, कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, ज्या टेबलामुळे माल अडतो त्याचं नाव लिहायचं, नाहीतर आपण शिकलो काय? 'सुपरवायझरचं टेबल' असं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. सार्थकने ते टाइप करताना तीनदा चुकवलं.

नियमाप्रमाणे कंपनीच्या माणसाला बोलवावं लागतं. मोतीराम आप्पा इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते, माझं कौतुक ऐकायला. क्विझमध्ये चुकीचं उत्तर देताना जेवढी ऐट होती तिचा आता पत्ता नव्हता. मी एकेक पायरी सांगत गेले. माल कुठून येतो, कुठे थांबतो, का सुकतो. टेबलांवरच्या काट्यांवर बायका जे वजन करतात ते पुरेसं आहे, अधूनमधून एखादं खोकं उघडून बघितलं की झालं, बाकीचं थेट थंड खोलीत गेलं पाहिजे, हे सांगितलं. शेवटी म्हणाले, हे टेबल काढून टाकावं अशी आमच्या गटाची शिफारस आहे.

आप्पांनी चष्मा काढला. "अंजलीबाई, अहो, हे तर तुमचंच टेबल."

"हो, आप्पा."

"मग इतकी वर्षं मला कोणी सांगितलं कसं नाही?"

मी तयारी करून काही आणलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं, "सांगणारी एक होती, आप्पा. आईची नोकरी जाईल म्हणून ती शिक्षण सोडून मनमाडला जाऊन बसली."

मला वाटलं होतं मी रडणार नाही. रडले. इन्शा पुढे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि उरलेलं तिने वाचून दाखवलं.

काल आप्पांनी टेबल हलवलं. मी आपली रिकाम्या हाताने मध्येच उभी, कुठे थांबावं ते कळेना. खोकी माझ्यासमोरून सुळसुळ जात होती. दोनदा माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. कंटेनर उजेडात भरला. भीमाबाई जाताना म्हणाल्या, आज घरी जाऊन दळन आनते, गिरन उघडी सापडंल. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

नोकरीचं काय? माहीत नाही. आप्पा म्हणाले, सीझन संपू द्या, मग बसून बोलू. कदाचित ठेवतील, कदाचित नाही. रात्री भीती वाटते. पप्पा म्हणतात, माझा पगार आहे ना. ते खरं आहे, पण मी पॅकहाऊसची अंजलीबाई आहे, ती नसले तर मी कोण, हे मला ठरवावं लागेल. तेही बघू. मला आता तेसुद्धा जाणून घ्यायचंय.

आता तुझ्यावरचा राग. अगं, तुला काय वाटलं? कळलं की तुझी आई कोसळेल? तू मोबाइल हातात धरून माझं टेबल बघितलंस, सगळं समजलीस, एकटीच रडलीस, एकटीनेच ठरवलंस आणि वर झेपत नाही म्हणून माझे बोल खाल्लेस. माझ्या नोकरीची काळजी केलीस ते मला कळतं. त्याने माझा जीव तुटतो. पण तू मला एक शब्द विचारला नाहीस. इतक्या बायकांनी मला सांभाळलं, तूही सांभाळलंस, आणि कोणी मला खरं सांगायच्या लायकीची समजलं नाही. याचा राग येणार नाही तर काय होईल?

कारण कळलं, तेव्हा बोलल्याप्रमाणे मी रविवारी मनमाडला येतेय. सकाळच्या गाडीने. आत्याला त्रास नको देऊस, मी भाकरी आणि ठेचा घेऊन येते. दारात उभी राहीन. उघडायचं की नाही ते तुझ्यावर.

देवरे सरांना विचारून ठेवलंय. दुसऱ्या सेमिस्टरला पुन्हा प्रवेश मिळतो, जानेवारीत. तेव्हा मी चौथ्यात असेन. म्हणजे कॉलेजात तू माझी ज्युनियर. गेटवर वॉचमन तुला अडवेल, त्याला माझं नाव सांग. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बसायचं नाही, तिथे मी, इन्शा आणि सार्थक बसतो. आणि राहिलेला तो एक रिपोर्ट द्यावा लागेलच. खुशाल दुसरं पॅकहाऊस घे.

आणि यापुढे माझ्यासाठी काही सोडायचं झालं, तर आधी मला विचारायचं.

आई